पलीकडची बेचाळीस माणसं

ब्रिचेनी, ५ फेब्रुवारी २००९

साफ्ता आत्या,

हे पत्र गित्साच्या बसने पाठवतेय. सोबत चहाचा डबा आणि तुझ्या गुडघ्यांचं मलम आहे. गित्साने मलम सीटखाली विसरलं, तर त्याला सोडू नकोस. फोनवर तू "हां, ऐकलं, ठेव" एवढंच म्हणतेस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले.

मला नोकरी लागली, आत्या! मिशनमध्ये. निळी जाकिटं घालून पांढऱ्या गाडीतून फिरणारी परदेशी माणसं तू चौकीपाशी पाहिली असशील, तीच ही. पोलीस नाहीत, शिपाई नाहीत, कमरेला काही नाही. हातात नुसती वही. आपल्या आणि पलीकडच्या पहारेकऱ्यांना सीमा कशी सांभाळायची ते शिकवतात, सल्ला देतात, दुर्बिणी देतात आणि मग सगळं लिहून काढतात. मी त्यांची दुभाषी. माझे साहेब पेन्टी नावाचे आहेत, फिनलंडचे, साठीला टेकलेले. सगळा जन्म त्यांच्या देशाच्या सीमेवर काढला. ते इतकं कमी बोलतात, की मला फुकटचा पगार खाल्ल्यासारखं वाटतं. काल अख्ख्या सकाळीत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, "धुकं आहे." आणि होतंच गं. खांब दिसत नव्हते, शेत दिसत नव्हतं, आपण नक्की कुठल्या देशात उभे आहोत तेही कळेना. तेवढ्यात एक हरीण आलं, खांबापाशी थांबलं, खांब हुंगला आणि पलीकडे गेलं. साहेबांनी घड्याळ बघून वहीत लिहिलं, "हरीण, एक." मी हसले, तर तेही थोडेसे हसले.

आता कामाचं. बारा तारखेला आम्ही प्रुनेनीला येतोय, तुमच्या ओढ्यावरच्या साकवासाठी. गेल्या शरदात त्या साकवावरून दोनदा सिगारेटींची खोकी पकडली. तो कायमचा बंद करावा असा दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचा विचार आहे. पण साहेब म्हणाले, आधी गावाला विचारू. तेव्हा घरोघरी फॉर्म वाटायचे आहेत, पलीकडे कुणाची किती माणसं आहेत त्याचे.

आणि एक. तू मला ओळखत नाहीस. अगदी नाही. ज्या गावात आपले नातेवाईक असतील तिथल्या कामाला दुभाष्याने बसायचं नाही असा नियम आहे, आणि मी ते सांगितलेलं नाही. सांगितलं असतं, तर माझ्या जागी दुसरी आली असती, आणि मला तुझं गाव बघायचं होतं. मला "तुम्ही" म्हण. निदान डोळे वटारू नकोस.

तुझी,
लिविया


प्रुनेनी, १५ फेब्रुवारी

लिवुत्सा,

अगं काय हे सोंग! माझ्याच टेबलाशी बसून "बाई, आपलं नाव काय?" विचारलंस, तेव्हा मला ठसका लागला तो चहाचा नव्हता. तू आणि तुझा बाप सारखेच, खोटं बोलताना कान लाल होतात. तुझ्या साहेबाने ते कान पाहिलेत की नाही, देव जाणे. तो बघत असतो हं सगळं. बोलत नाही, एवढंच. माणूस मात्र खाणारा निघाला. चीज भरलेल्या सात प्लाचिंता! अगाफिया दाराआडून मोजत होती. तू एकच खाल्लीस, परक्या बाईसारखी कडा सोडून. त्याचा मला जास्त राग आला.

तुम्ही गेल्यावर फॉर्म मीच भरले. गावात हात न थरथरता लिहिणारं आता आहे कोण? बावीस वर्षं वाचनालय सांभाळलं ते काही उगीच नाही. ओढ्याकाठच्या अकरा घरांतल्या बायका माझ्या स्वयंपाकघरात बसल्या, एकेक नाव सांगत गेल्या, मी लिहीत गेले. नाव, जन्मसाल, पलीकडे कुठे, वर्षातून किती वेळा भेटता आणि कधी. बेचाळीस नावं भरली. तुझा साहेब म्हणाला होता ना, साकवाचं काय करायचं ते पलीकडे किती माणसं आहेत त्यावर ठरेल? म्हणून एकही सोडलं नाही.

तुला लहानपणचं आठवतं का गं? तू उन्हाळ्यात यायचीस, तेव्हा साकवावर पालथी पडून पाणी बघत बसायचीस आणि जेवायला उठायची नाहीस. आज दुपारी मीही उभी राहिले थोडा वेळ. ओढा अजून कडेकडेने गोठलेला आहे, मधून पाणी जातं. समोर टेकडी, तिच्यावर आपलं कबरस्तान, बर्फात नुसती क्रूसांची टोकं वर. माझ्या लग्नात ती टेकडीच होती, परदेश नव्हता. एकाच मोठ्या देशातले दोन तुकडे होते, कोण बघतंय! मग देश फुटले आणि टेकडी गेली तिकडे. नवी कबरस्तानाची जागा अलीकडे केली, पण जुनी माणसं कशी उचलून आणणार? माझा ग्रिगोरे तिथे, माझी सान्दा तिथे. पहारेकरी आजवर पाठ करून उभे राहायचे आणि आम्ही ब्लाजिनांच्या ईस्टरला, मेलेल्यांच्या सणाला, जाऊन यायचो. यंदा एप्रिलच्या सत्तावीसला आहे.

साकव राहू दे, लिवुत्सा. एवढंच सांग तुझ्या त्या वहीवाल्याला.

मलम पोचलं. उग्र आहे. कुत्रा जवळ येत नाही.

आत्या


ब्रिचेनी, ११ मार्च

आत्या,

तू हे काय करून ठेवलंस!

मी तुमच्या फॉर्मांवरचे आकडे जोडले आणि अहवालात लिहिलं, "अकरा घरांचे बेचाळीस जवळचे नातेवाईक पलीकडे राहतात." नावं बघितलीच नाहीत, घाई होती, चूक माझी. अहवाल वर मुख्य कचेरीत गेला. सगळे खूश. साकव बंद न करता नात्यागोत्यासाठी ठरल्या दिवशी उघडावा अशी शिफारसही झाली. काल पेन्टी साहेब कागद पुढे ओढून म्हणाले, "चमत्कारिक नातेवाईक आहेत. बेचाळीसही जणांना वर्षातून एकदाच भेटतात, आणि एकाच दिवशी." मग म्हणाले, "यातल्या एकाचा जन्म १८९४ चा आहे. प्रकृती चांगली असावी."

मी यादी घेतली. आत्या, पहिलंच नाव ग्रिगोरे आतोबांचं! खाली सान्दा, जन्म १९६३, पत्ता "टेकडीवर, तिसरी ओळ, अक्रोडाखाली".  मी साहेबांना काय सांगितलं असेल? म्हटलं, तपासून सांगते. कान लाल झाले असणार.

आता ऐक. पलीकडचे अधिकारी पुढच्या महिन्यात ही यादी घेऊन घरोघरी खातरजमा करणार आहेत. त्यांना घरं सापडणार नाहीत. मिशन तोंडघशी पडेल, साहेबांना जाब विचारतील, आणि त्यांनी माझी चौकशी केली, तर तू माझी कोण हेही बाहेर येईल. माझी नोकरी तर गेलीच समज. तेव्हा तू एक अर्ज लिही, की फॉर्म भरताना गैरसमज झाला, ही नावं मागे घेत आहोत. साकव मग बंद होईल, मला माहीत आहे. दोन्ही तोंडांशी काँक्रीटचे खांब आणि तार. पण मुख्य चौकीवरून फेरा मारून जाता येतंच ना? साठ किलोमीटर आहे, पासपोर्ट लागेल, एवढंच. तुझा पासपोर्ट मी करून देते.

माझ्यासाठी कर. हात जोडते.

लिविया


प्रुनेनी, १६ मार्च

लिवुत्सा,

मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. तुमच्या कागदावर विचारलंत, पलीकडे तुमचं कोण आहे. जे आहेत ते लिहिले. जिवंत आहेत का, असा रकाना नव्हता. अगाफियाने विचारलंसुद्धा, "साफ्ता, यांना हेच हवं असेल ना?" मी म्हटलं, नाहीतर काय विचारायला आलेत एवढ्या लांबून? त्या पलीकडच्या गावात आमचं जिवंत माणूस एकही नाही. आम्ही साकवावरून दुसऱ्या कुणाकडे जातच नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. शिकलेल्या लोकांना ते लिहून द्यावं लागतं, हे माझ्या डोक्यात कसं येणार?

अर्ज मी लिहिणार नाही. रागाव हवं तर.

तुला सान्दाचं कधी धड सांगितलं नाही. तुझ्या जन्माआधीची गोष्ट, आणि तुझ्या बापाला त्यावर बोलवत नाही. लेक पाच वर्षांची असताना ईस्टरला मी अंडी रंगवून झाल्यावर टरफलं टोपलीत गोळा केली, तिला घेऊन साकवावर गेले. तिने विचारलं, हे कुणाला? मी म्हटलं, ब्लाजिनांना. जिथे सगळं पाणी एकत्र होतं तिथे ते राहतात, इवलाले, भोळे, कुणाचं वाईट न चिंतणारे. त्यांच्याकडे दिनदर्शिका नाही. आपली लाल टरफलं तरंगत तरंगत आठवड्याने पोचली, की त्यांना कळतं ईस्टर झाला, आणि मग ते आपला साजरा करतात. तिने एकेक टरफल वाकून हळूच सोडलं, उलटं पडू नये म्हणून. "यात कुणी बसेल ना," म्हणाली. त्या दिवशी पाण्यावर जर्दाळूच्या पाकळ्या इतक्या होत्या, की टरफलं कुठली आणि पाकळ्या कुठल्या ते ओळखू येत नव्हतं. ती टाळ्या पिटत होती. अजूनही दुपारी डोळा लागला की मला तेच पाणी दिसतं. आवाज नसतो कसला.

पुढच्या मार्चमध्ये गोवराने गेली. सहा पुरी झाली होती. त्या ईस्टरला मी टरफलं सोडली नाहीत. म्हटलं, तीच जाऊन सांगेल त्यांना.

तेव्हापासून चाळीस वर्षं टेकडीवर जायला मी एकदाही चुकले नाही. बर्फ पडला तरी, ग्रिगोरे नको म्हणाला तरी, देशाचे तुकडे झाले तरी. आणि आता दुसरं सांगते, जे तुझ्यापासून लपवलं. तिमोफे मला मे महिन्यात इटलीला घेऊन जातोय. पादोव्हाला, कायमचं. आईला एकटी ठेवणार नाही म्हणतो, सून चांगली आहे, गुडघे तर असे. मी हो म्हटलंय. म्हणजे सान्दाकडे माझी ही शेवटची खेप आहे, पोरी. साठ किलोमीटरचा फेरा, पासपोर्ट, रांगा, त्यातून तिमोफेने काढायला टाकलेला पासपोर्टही मे महिन्यातच हातात येणार. मला जायचंय सत्तावीसला, पायी, साकवावरून, पास्काचा पाव आणि अंडी घेऊन. आईसारखी, परदेशी पाहुण्यासारखी नाही.

तुझी भाकरी मात्र माझ्यापायी जायला नको. म्हणून साहेबाला खरं सांगून टाक, सगळं, मी कोण तेही. हे पत्रच वाचून दाखव. आणि त्याला म्हणावं, साफ्ता म्हणते, तुम्हाला खांब दिसतात, हरीण दिसतं, ते वहीत जातं. टेकडीवरची माणसं तेवढी कशी दिसत नाहीत? सात प्लाचिंता खाऊन गेलात!

आत्या


ब्रिचेनी, २ एप्रिल

आत्या,

वाचून दाखवलं. दोन आठवडे धीर होत नव्हता, शेवटी काल दुपारी कचेरीत कुणी नसताना वाचलं. प्लाचिंता आणि खांब गाळले. त्यांनी बोट ठेवलं, "इथे चार ओळी आहेत. तुम्ही दोनच वाचल्यात." मग तेही वाचावं लागलं. त्यांनी मान हलवली, जणू हिशेब बरोबर होता.

ब्लाजिनांचं त्यांना मी तीनदा समजावलं. दिनदर्शिका का नाही, विचारलं.  सान्दाच्या पाण्याचं वाचताना मी दोनदा ओळ चुकले, मग त्यांनी उठून खिडकी उघडली आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. बाहेर चौकातल्या चेरीला बहर आलाय, आत पाकळ्या येत होत्या, टेबलावरच्या फायलींवर.  मग मी सांगितलं, ही माझी आत्या आहे आणि हे मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं.

 त्यांनी यादी खिशात घातली. "उद्या आणि परवा मी नसेन," म्हणाले आणि गेले. चालकाने सांगितलं, मुख्य कचेरीचा रस्ता धरला. म्हणजे मला काढायचा कागद घेऊनच परत येतील. मी खण आवरून ठेवलाय. कप, छत्री आणि तू दिलेला रुमाल एवढंच आहे माझं इथे.

तुझ्यावर रागावले होते, आत्या. आता नाही. तू जाणार आहेस हे मला गित्साकडून कळलं असतं, तर मात्र कधीच बोलले नसते.

लिविया


प्रुनेनी, ९ एप्रिल

लिवुत्सा,

खण परत भर. तुझा साहेब मुख्य कचेरीत गेला असेल-नसेल, पण शुक्रवारी सकाळी तो माझ्या अंगणात उभा होता. एकटा! दुभाषी नाही, चालक नाही, निळं जाकीट नाही. हातात चार शब्दांची चिठ्ठी, तुझ्याच अक्षरातली वाटली, "नमस्कार, धन्यवाद, धुकं, पुरे." पुरे हा शब्द त्याने प्लाचिंतांच्या वेळी एकदाही वापरला नाही.

खाऊन झाल्यावर त्याने ओढ्याकडे बोट केलं. गेलो. त्या दिवशी ऊन असं सायीसारखं पडलं होतं आणि पलीकडची टेकडी जवळ आल्यासारखी दिसत होती. दुर्बीण लावून त्याने क्रूस मोजले. मी बोटाने दाखवलं, अक्रोडाचं झाड, त्याच्याखाली. त्याला सापडलं, कारण दुर्बीण थांबली आणि बराच वेळ हलली नाही.

मग त्याने वही काढली. मला वाटलं, आता लिहितो, "म्हातारी, एक." पण तो चित्र काढायला लागला. एक तळं काढलं. तळ्याच्या काठी चर्च. चर्चशेजारी तीन क्रूस. मग मधून एक जाड रेघ मारली, वरपासून खालपर्यंत, आणि रेघेच्या अलीकडे एक माणूस काढला, टोपीवाला. छातीवर हात ठेवला. मी विचारलं, कोण? शब्द कळले नाहीत, पण विचारलेलं कळलं. त्याने हाताने दाखवलं, म्हातारी, डोईला रुमाल, मग दुसरी म्हातारी, मग छोटं, एवढंसं, पाळण्यातलं. त्याच्या आईची माणसं असावीत. लढाईत गाव सोडून आले असतील आणि मागे रेघ पडली असेल. मी विचारलं, किती वर्षं? बोटांनी सांगितलं, पासष्ट.

मी त्याचा हात धरला.  साकवावर एक धोबी पक्षी शेपूट हलवत होता, या बाजूने त्या बाजूला, परत या बाजूला.

जाताना तो खूप बोलला गं! दहा-बारा वाक्यं तरी. त्याच्या भाषेत. मला एक शब्द कळला नाही आणि मी सगळ्याला हो म्हटलं. आता साकवाचं काय ठरतंय ते मला माहीत नाही. मी अंडी रंगवायला कांद्याची सालं जमवायला घेतलीत.

आत्या


ब्रिचेनी, २० एप्रिल

आत्या,

ख्रिस्त उठला आहे!

आणि साकव उघडणार आहे. सत्तावीसला, सकाळी नऊ ते दुपारी तीन. मिशनला स्वतःला काहीच उघडता येत नाही, ते फक्त सांगू शकतात. पण साहेब दोन्ही चौक्यांच्या मध्ये चार दिवस फेऱ्या मारत होते. जुना अहवाल त्यांनी मागे घेतला, "आमची मोजणी चुकली" असं स्वतःच्या सहीने लिहिलं, आणि नवा फॉर्म केला. आता दोन रकाने आहेत. जाणारा कोण, आणि कुणाकडे. पलीकडचा अधिकारी म्हणे हसला होता, मग त्याने विचारलं, अक्रोडाचं झाड असलेलं कबरस्तान का? त्याच्या बायकोची आजी तिथेच आहे. सिगारेटवाल्यांसाठी बाकी सगळं वर्ष साकवाला फाटक आणि कुलूप. घरटी एक माणूस, जवळचं नातं हवं, ओळखपत्र आण. यादी दर वर्षी नव्याने होईल.

आता माझं. माझं नाव त्यांनी वर कळवलं. स्वतः. नातं लपवलं म्हणून मला सीमेवरच्या कामातून काढलंय, उद्यापासून राजधानीत, बंद खोलीत कागदांची भाषांतरं. नोकरी राहिली, पण प्रुनेनीच्या साकवावर मिशनची माणूस म्हणून मी कधी उभी राहायची नाही. मी विचारलं, तुम्ही आत्यासाठी एवढं केलंत आणि माझ्यासाठी एक ओळ गाळता आली नाही? म्हणाले, "एक ओळ गाळली, की पुढची यादी कुणी खरी मानणार नाही." बरोबर आहे त्यांचं. मला बरोबर असलेल्या माणसांचा संताप येतो.

सत्तावीसला मला सुट्टी नाही. तुझी शेवटची खेप, आणि मी तिथे नाही. पास्काचा एक तुकडा माझ्या नावाने ठेव.

लिविया


प्रुनेनी, २८ एप्रिल

लिवुत्सा बाळा,

खरोखर उठला आहे.

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर ते स्वप्नच होतं असं मला उद्या वाटायला लागेल. पहाटेपासून आलुबुखाराच्या बागा पांढऱ्या होत्या आणि त्यांच्यावर धुकं पांढरं. अकरा बायका टोपल्या घेऊन साकवाशी उभ्या. अगाफियाने चाळीस वर्षांपूर्वीचा कोट घातला होता, त्याचा वास मलमाहून उग्र. पलीकडच्या तोंडाशी टेबल मांडून एक तरुण बाई बसली होती, गणवेशात, केस घट्ट बांधलेले, कपाळाला आठ्या. तुझा साहेब अलीकडे उभा. त्याचं नाव यादीत नव्हतं, म्हणून त्याने फळीवर पाऊलसुद्धा ठेवलं नाही. मी त्याला लाल अंडं आणि पास्का दिला, नव्या रुमालात, मेलेल्यांच्या नावाने देतात तसा, आणि विचारलं, नावं? त्याला लगेच कळलं. तीन नावं सांगितली, हळूहळू, मी दोनदा म्हणून पाठ केली.

माझी पाळी आली. त्या बाईने रशियनमध्ये विचारलं, "कुणाकडे?" मी म्हटलं, ग्रिगोरेकडे आणि सान्दाकडे. "सान्दा कोण?" मुलगी. "जन्म?" त्रेसष्ट. तिने कागदाकडे न बघता विचारलं, "वय?" रोजची सवय असेल बिचारीची. हिशेबाने सेहेचाळीस होतं. माझ्या तोंडून निघालं, सहा. तिने मान वर केली. मग तिने कागदावर काही लिहिलं नाही, उठली, माझी टोपली उचलली आणि साकव उतरेपर्यंत स्वतः धरून चालली.

वर गेलो. गवतावर चादरी अंथरल्या, कबरींवर अंडी ठेवली, वाइन थोडी मातीला, थोडी आपल्याला. पलीकडच्या गावच्या बायकाही आल्या होत्या, त्यांचं जेवण घेऊन. आमच्या माणसांच्या कबरीही त्या वर्षभर झाडत होत्या म्हणे, कुणाला न सांगता. सान्दावर अक्रोडाची पहिली पानं आलीत, तांबूस, ओलसर. मी तिच्याजवळ आडवी झाले, गुडघ्यांना म्हटलं, गप्प. डोळा लागला असेल माझा. जागी झाले, तेव्हा बायका हळू आवाजात नावं घेत होत्या, एकेकीची सगळी, आणि वारा इतका मंद होता की मेणबत्त्या विझत नव्हत्या. मी आमची घेतली. मग साहेबाची तीन घेतली. उच्चार चुकले असतील, पण तिथे कुणी हसणारं नाही.

रडले, लिवुत्सा. पोटभर रडले. सान्दाला सांगितलं, की मी लांब चालले, आणि तिथे ओढा नाही.

तीनला परतलो. साहेब तिथेच उभा होता, सकाळच्याच जागी. टेबलावर पुढच्या वर्षीचे फॉर्म ठेवले होते. त्या बाईने विचारलं, आजी, तुमचं नाव पुन्हा घालू? मी म्हटलं, नको, मी नसेन. माझ्या जागी दुसरी येईल. तिने विचारलं, नातं काय? मी लिहून दिलं, "लिविया. सान्दाची मामेबहीण." साहेबाने तो कागद वाचला, दोनदा वाचला, आणि सही केली. तुझ्या कचेरीत जे नातं लपवावं लागलं, ते इथे दाखवल्याशिवाय फाटक उघडत नाही.

घराची किल्ली अगाफियाकडे ठेवतेय. कांद्याची सालं माळ्यावर, मोठ्या पिशवीत. पास्का सान्दाला आठवडाभर उशिरा चालतो, पण तू उशीर करू नकोस. नऊला साकवाशी उभी राहा. ती सहा वर्षांची आहे, सकाळपासून वाट बघत बसते.

आत्या